रूळ घरंगळला नव्हता

मित्रांनो, रूळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर आगगाडी येते, हे मला ठाऊक आहे. तो रूळ वेगळा. मी एक जुना, आखणीचा रूळ आहे. हातभर लांब, काळसर लाकडाचा, अंगाने गोल आणि दोन्ही टोकांना सारखाच जाड. एके काळी कचेरीत वही आखायची म्हटली की आमच्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. पुढे सपाट पट्ट्या आल्या. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या! असो, त्यांच्याबद्दल रडगाणं गाण्यासाठी मी तोंड उघडलेलं नाही. माझ्यावर एक आळ आला होता आणि तो मी सहा वर्षं मुकाट्याने सोसला. त्याची गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात, मोडक्या पाळण्याच्या दांडीतून झाला. त्या सुताराने मला तासलं, घासलं, तेल पाजलं आणि शेवटी काचेवर ठेवून, एक डोळा मिटून, माझ्याखालून कुठे उजेडाची फट दिसते का ते पाहिलं. केसाएवढीसुद्धा दिसली नाही. "वा रे पठ्ठ्या," तो म्हणाला, "माणसंही इतकी सरळ नसतात." ते वाक्य मी अजून विसरलो नाही. स्तुती कुणाला आवडत नाही हो?

तिथून मी गेलो जन्मनोंदणीच्या कचेरीत. खोली एकच, पण उंच. एका भिंतीला वह्यांचं कपाट, खिडकीपाशी मोठं टेबल, आणि खिडकीतून समोरच्या रस्त्यावरचा एक बाक दिसायचा. टेबलाशी बसायच्या मोत्याबाई. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. अक्षर मोत्यासारखं म्हणून मोत्याबाई. गावात कुणाचंही मूल जन्मलं की त्याची पहिली ओळ त्याच लिहायच्या. मुलाचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, जन्मदिवस, सही. प्रत्येकाला आपापला रकाना.

बाईंचा एक नियम होता. कुठलाही रकाना संध्याकाळपर्यंत मोकळा ठेवायचा नाही. जिथे लिहिण्यासारखं काही नसेल, तिथे मला ठेवायचं आणि लाल शाईने आडवी रेघ मारायची. "रिकामा रकाना म्हणजे उघडं दार," त्या म्हणायच्या. "उद्या कुणीही आत शिरेल आणि म्हणेल, हे माझंच घर." नियम चांगलाच होता. मी शेकडो रेघा मारल्या. एकही वाकडी नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

एक दिवस सकाळी एक तरुण बाई आठ दिवसांची मुलगी घेऊन आली. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली, पदराला टाचण्या टोचलेल्या. ती कपडे शिवायची. मोत्याबाईंनी मुलीचं नाव लिहिलं, आईचं नाव लिहिलं आणि विचारलं, "बापाचं?"

"तो बोटीवर आहे. खलाशी आहे," शिवणवाली म्हणाली. "आमचं लग्न व्हायचंय अजून. पण मुलगी त्याचीच आहे. त्याला पत्रानं कळवलंय, येतो म्हणून उत्तरही आलंय. तुम्ही लिहा ना नाव."

बाईंनी चष्मा काढला. "तसं नाही गं चालत. लग्न झालेलं नसलं की आईच्या सांगण्यावरून बापाचं नाव चढत नाही. त्यानं स्वतः इथं यायला हवं. साहेबांसमोर उभं राहून, साक्षीदारांच्या देखत, ही माझी म्हणून तोंडानं सांगायचं आणि सही करायची."

"मग जागा ठेवा तेवढी. रेघ नका मारू, बाई."

"ठेवता येत नाही."

"रेघ मारली तर काय होतं?"

बाईंनी टाक खाली ठेवला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "मारली, की मग नुसत्या सहीनं भागत नाही. कोर्टात जावं लागतं. मोकळा रकाना असला तर वही इथं आहे तोवर, म्हणजे सहा वर्षं, कधीही येऊन सही करता येते. पण मोकळा ठेवायचा नाही असा नियम आहे."

शिवणवालीने मुलीकडे पाहिलं. "बस जरा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

पुढचा माणूस होता पाववाला. डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढरा. त्याचं सातवं अपत्य होतं. त्याने मुलाचं नाव सांगितलं, बायकोचं सांगितलं आणि मग खिसे चाचपत म्हणाला, "माझा कागद घरीच राहिला वाटतं. भट्टीत पाव आहेत बाई, ते काढतो आणि कागद घेऊन आलोच." म्हणजे त्याच्याही ओळीत बापाचा रकाना तेवढा बाकी राहिला. शिवणवालीची ओळ वर, पाववाल्याची लगेच खाली.

तो गेला. मोत्याबाईंनी मला उचललं, वहीवर ठेवलं, टाक लाल शाईत बुडवला. शिवणवाली समोरच बसली होती. ती रडली नाही, हात जोडले नाहीत, काही नाही. नुसती आपल्या मुलीच्या मुठीतून आपलं बोट सोडवत होती आणि ते सुटत नव्हतं. बाईंनी तिकडे पाहिलं आणि त्यांचा हात क्षणभर अडला. मी त्या हाताखालीच होतो, मला कळलं. त्या हाताने मला एक ओळ खाली ओढलं. टाक माझ्या कडेने झरकन गेला. सुंदर, सरळ, लाल रेघ पडली, पण पाववाल्याच्या रकान्यात!

थोड्या वेळाने पाववाला कागद घेऊन आला आणि वहीत डोकावला. "अहो बाई! मी पाव काढून येईस्तोवर माझ्या पोराचा बापच नाहीसा झाला? सहांचा आहे आणि सातव्याचाच नाही? घरी काय तोंड दाखवू मी!"

गलका ऐकून साहेब आतून बाहेर आले. ते सरळ माणूस, पण दुरुस्ती म्हटली की त्यांचं धाबं दणाणायचं, कारण प्रत्येक दुरुस्तीमागे वरच्या कचेरीला पत्र जायचं. "हे कसं झालं?" त्यांनी विचारलं.

मोत्याबाई म्हणाल्या, "रूळ घरंगळला, साहेब."

मित्रांनो, मी घरंगळलो नव्हतो! मी आपणहून बोटभरसुद्धा हललो नव्हतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पण लाकडाला तोंड कुठे असतं? साहेबांनी समासात दुरुस्ती लिहिली, सही केली, पाववाल्याला त्याचं मूल कायदेशीररीत्या परत मिळालं. मग साहेब म्हणाले, "आता ती वरची रेघ मारून टाका."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "या रुळानं? पुन्हा घरंगळला तर? पुन्हा पत्र लिहावं लागेल तुम्हाला. नवी पट्टी येऊ द्या, मग मारते."

पत्राचं नाव निघताच साहेबांनी मान हलवली. नवी पट्टी तीन महिन्यांनी आली. तोवर पानं उलटून गेली होती, साहेब विसरले होते आणि बाईंनी अळीमिळी गुपचिळी केली. शिवणवालीच्या मुलीच्या ओळीत बापाचा रकाना तसाच मोकळा राहिला. बाईंच्या सगळ्या वह्यांमधला तो एकच.

माझं मात्र नाव पडलं घरंगळ्या. मला खालच्या खणात टाकलं. सोबतीला पेन्सिलींची थोटकं, वाळलेला डिंक आणि एक बंद घड्याळ. चकचकीत सपाट पट्टी टेबलावर मिरवायची. मी अंधारात पडून विचार करायचो की सुताराला हे कळलं तर त्याला काय वाटेल. खोटं कशाला सांगू, बाईंचा मला फार राग यायचा.

मला बाहेर काढलं ते त्या मुलीने. शिवणवाली दर वर्षी एकदा दाखल्याची नक्कल काढायला म्हणून यायची. खरं तर रकाना मोकळा आहे ना, ते बघायला यायची. मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा आईबरोबर आली. फ्रॉकच्या खिशात बटणं भरलेली, चालताना खुळखुळ आवाज. मोत्याबाईंनी तिचं नाव बटण ठेवलं. बटणने खण उघडला, मला ओढून काढलं आणि फरशीवर सोडलं. मी गडगडत थेट कपाटापर्यंत गेलो. ती खिदळली. तिने मला पुन्हा आणलं, पुन्हा सोडलं. ज्या गोष्टीसाठी मला बदनाम केलं होतं, तीच गोष्ट कुणाला इतकी आवडावी! मी पोटभर घरंगळलो त्या दिवशी.

तेव्हापासून ती आली की पहिल्यांदा खण उघडायची. "घरंगळ्या, चल," म्हणायची. तिच्याच तोंडून मला ते नाव गोड लागायला लागलं.

तिचा बाप काही येत नव्हता. पत्रं यायची. दोन वर्षांचा करार होता, तो संपला तेव्हा दुसरा झाला, मग तिसरा. प्रत्येक पत्रात शेवटी एकच शब्द, येतो. एकदा मोत्याबाई वैतागून म्हणाल्या, "हा माणूस येतो येतो म्हणत जातोच आहे." शिवणवाली हसली, पण डोळे पुसत हसली.

बघता बघता सहा वर्षं संपत आली. कचेरीत हुकूम आला, सोमवारी गाडी येईल, जुन्या वह्या वरच्या कचेरीत जातील. त्याच आठवड्यात मोत्याबाईंना खिडकीतून समोरच्या बाकावर एक माणूस दिसू लागला. उन्हाने रापलेला, पायाशी मोठी पिशवी. बुधवारी बसला, गुरुवारी बसला, शुक्रवारीही बसला. कचेरीच्या दाराकडे बघायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "याचं काय हरवलंय इथं?"

शनिवारी शिवणवाली बटणला घेऊन आली. खलाशाची बोट बंदराला लागल्याचं तिने ऐकलं होतं, पण तो घरी आला नव्हता. ती दाराकडे बघत बसून राहिली. त्या दिवशी पाववालाही आला होता, सातव्याच्या शाळेसाठी दाखला घ्यायला. आणि नेमके त्याच दिवशी साहेबांनी सगळ्या वह्या पान न् पान तपासायला घेतल्या. सहा वर्षांपूर्वीच्या त्या पानावर ते थांबले.

"बाई, हा रकाना मोकळा?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"सोमवारी वही जाणार, आणि हे असं? आत्ताच्या आत्ता रेघ मारा. पट्टी कुठाय?"

"पट्टी मोडली साहेब," बाई म्हणाल्या. ते खरं होतं. तिखट पट्टीचे मागच्याच महिन्यात दोन तुकडे झाले होते. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही.

"मग तो जुना रूळ काढा."

बाईंनी खण उघडला. मी तिथे नव्हतो. कारण नेहमीसारखं आल्या आल्याच बटणने मला बाहेर काढलं होतं. साहेबांचं 'रेघ मारा' ऐकताच तिने मला फ्रॉकखाली धरलं होतं आणि ती दाराबाहेर सटकली होती. धावत रस्ता ओलांडून ती समोरच्या बाकापाशी गेली आणि तिथे बसलेल्या माणसाच्या हातात तिने मला कोंबलं.

"काका, हा लपवा. पिशवीत घाला, लवकर."

त्याचे तळवे दोरखंडांनी घट्टे पडलेले होते, पण त्याने मला फार हळू धरलं. "का गं? काय झालं?"

"माझ्या बाबांच्या जागेवर साहेब रेघ मारणार आहेत. रूळ नसला तर मारता येणार नाही."

"तुझे बाबा कुठे आहेत?"

"बोटीवर. आई म्हणते, येणार आहेत."

"आणि तू काय म्हणतेस?"

बटणने जरा विचार केला. "मी म्हणते, बघू."

त्या माणसाने मान खाली घातली. माझ्यावर एक गरम थेंब पडला, मग दुसरा. त्याच्या खिशात तिचा फोटो होता, हे मला नंतर कळलं. तीन दिवस तो तिला त्याच रस्त्याने शाळेत येता-जाताना बघत होता आणि पुढे व्हायची हिंमत होत नव्हती. शेवटी तो उठला. "चल," म्हणाला, "रूळ लपवून भागायचं नाही."

तो मला हातात धरून कचेरीत शिरला. शिवणवाली त्याला पाहून उभी राहिली. मोजपट्टी तिच्या गळ्यातून खाली पडली.

"कोण आपण?" साहेबांनी विचारलं.

"मी रूळ द्यायला आलोय," तो म्हणाला. मग मला टेबलावर ठेवून म्हणाला, "आणि तो रकाना माझा आहे."

"तीन दिवस तुम्हीच होतात बाकावर?" बाई ओरडल्या. "अहो, सहा वर्षं समुद्र ओलांडलात आणि हा रस्ता ओलांडता येईना?"

"पोरगी विचारील, इतके दिवस कुठं होतात. काय सांगू तिला? मला उत्तर सापडेना."

शिवणवाली पुढे आली. "उत्तर नव्हतं तर नुसतं यायचं," ती म्हणाली. "मी काय पाठ म्हणून घेणार होते तुमच्याकडून?" रागावली होती, पण त्याच्या बाहीचं उसवलेलं टोक तिने बोलता बोलता चिमटीत धरलं ते सोडलं नाही.

साहेबांनी घसा खाकरला. साक्षीदार दोन लागत होते. एक मोत्याबाई. दुसरा म्हणून पाववाला पुढे झाला. "एकदा याच वहीत मला बाप म्हणून खोडलंत, आता दुसऱ्याच्या बापपणाची साक्ष मागताय," तो म्हणाला. "देतो, देतो. पुण्याचं काम आहे."

साहेबांनी नमुना वाचला. "सदर बालिका आपली आहे, असं आपण राजीखुशीनं मान्य करता का?"

"माझीच आहे," खलाशी म्हणाला.

"नमुन्यात 'माझी आहे' असं आहे. 'च' नाही."

"नसेल. पण माझीच आहे."

"आणि मला कोण विचारणार?" बटण मधेच म्हणाली.

साहेब गोंधळले. "नमुन्यात तसा प्रश्न नाही, बाळ."

"नसला तर नसला, विचारा हो!" पाववाला म्हणाला. "पोर आहे, पावाचा साचा नाही."

तेव्हा साहेबांनी खाली वाकून विचारलं, "हे तुझे बाबा म्हणून चालतील का?"

बटणने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्याच्या कोटाचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं, जाड दोऱ्याने घट्ट शिवलेलं. "हे कुणी लावलं?"

"मीच. बोटीवर सगळं आपलं आपणच शिवावं लागतं."

"नीट लावलंय," ती म्हणाली. "रूळ लपवायला सांगितला तर तुम्ही लपवला नाहीत. पण आलात. चालतील."

मोत्याबाईंनी मला जवळ घेतलं. सहा वर्षांनी! मला वाटलं, त्यांचा हात पुन्हा ढळेल. त्यांनी मला त्या मोकळ्या रकान्यात ठेवलं, पण लाल शाई घेतली नाही. पेन्सिल घेतली आणि खलाशाला म्हणाल्या, "तुमचं अक्षर वाकडं जाईल म्हणून ओढून देते. यावर लिहा." जन्मभर मी रेघा मारल्या त्या इथे कुणी नाही असं सांगायला. कुणाला तरी बसता यावं म्हणून मारलेली ही माझी पहिलीच रेघ होती. त्या रेघेवर त्याने हळूहळू आपलं नाव लिहिलं. समासात मोत्याबाईंनी नोंद केली, 'सदर बालिका माझीच आहे.'

"बाई, तो 'च'," साहेब म्हणाले.

"एकच अक्षर आहे, साहेब. दाटीवाटीनं बसेल."

साहेबांनी त्या 'च'कडे बराच वेळ पाहिलं. दुरुस्ती म्हणजे पत्र. त्यांनी शिक्का उचलला आणि मारला.

मग मोत्याबाईंनी मला रुमालाने पुसलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्या दिवशी हा घरंगळला नव्हता. माझा हात ढळला होता. बिचाऱ्यावर मी उगाच आळ घेतला." सहा वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहिली, ते आलं, आणि मला राग धरायला काही उरलंच नाही. खरं सांगू? तो हात ढळला हेच बरं झालं.

निवृत्त होताना बाईंनी मला बटणला देऊन टाकलं. आता मी तिच्या आईच्या शिवणाच्या टेबलावर असतो, कापडावर खडूच्या खुणा करायला. घरंगळू नये म्हणून तिच्या बाबांनी माझ्या टोकाला एक बटण ठोकून दिलंय, कोटावरचं तेच, वेगळ्या रंगाचं. त्यांनी बोट सोडली. संध्याकाळी ते शेजारी बसून काजं करतात आणि बटण त्यांच्या टाक्यांत चुका काढते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादा माझ्यासारखा जुना रूळ असेल तर त्याला खणात टाकू नका, त्याला तेलाचा हात लावत जा. आणि कुणाच्या रिकाम्या जागेवर रेघ मारायची वेळ आली, तर आधी खिडकीतून बाहेर बघा. समोरच्या बाकावर कुणी बसलेलं असेल तर हाक मारा.